गल्लीतलं ऊन, सोप्यातला कवडसा: रोजच्या जागेत फोटो कसा शोधायचा

बेळगावात नवा कॅमेरा घरी आला की पहिला रविवार राजहंसगडावर जातो, दुसरा गोकाकच्या धबधब्यावर आणि पावसाळा असेल तर तिसरा चोर्ला घाटात. फोटो बरे येतातही. पण तिथे उभं कुठे राहायचं हेसुद्धा आधीच ठरलेलं असतं, त्यामुळे सगळ्यांचे फोटो सारखेच दिसतात. चौथ्या रविवारपासून कॅमेरा कपाटात पडतो, कारण ‘आमच्या गल्लीत काढण्यासारखं आहे काय?’

गल्लीत पुष्कळ आहे. ते दिसत नाही, कारण ओळखीच्या जागेतून जाताना आपण फक्त ओळख पटवत चालतो: ही टपरी, हा नळ, ही शेजारच्या काकूंची सायकल. ओळख पटली की नजर पुढे सरकते. कॅमेऱ्याला मात्र उजेड, सावली, कडा, रंग आणि मागची भिंत एवढंच समजतं. म्हणून शोधायचा क्रम उलटा ठेवा. आधी उजेड कुठे आणि केव्हा पडतो ते बघा, मग त्याच्या मागे काय आहे ते बघा, आणि माणूस सगळ्यांत शेवटी. तो आपल्या पायांनी त्या उजेडात येईपर्यंत थांबायचं. बहुतेक जण आधी माणूस पकडतात आणि त्याच्या मागे धावत फोटो काढतात, तिथेच फसतात.

तीनशे पावलांचा पट्टा

घरापासून चालत पाच मिनिटांवरचा, साधारण तीनशे पावलांचा पट्टा निवडा. त्यात तीन गोष्टी असाव्यात. एक, माणसं आपोआप थांबतात अशी जागा: पिठाची गिरणी, नळ, चहाची टपरी, देवळाचा कट्टा, बसथांबा. दोन, बऱ्यापैकी मोकळी भिंत. तीन, दोन घरांमधली फट किंवा वळण, जिथून ऊन आत घुसतं. खडेबाजार आणि गणपत गल्लीचा मोह होतो, पण पहिला महिना तिकडे जाऊ नका. गर्दीत माणसामागे माणूस येतो, फ्रेम भरते आणि फोटो रिकामाच राहतो. वडगाव, खासबाग, अनगोळच्या आतल्या गल्ल्या किंवा निपाणी-खानापुरातली कुठलीही निवांत बोळ शिकायला जास्त चांगली.

पहिला आठवडा फोटो काढायचे नाहीत. खिशात वही ठेवा आणि तीन वेळा फेरी मारा: सूर्योदयानंतरच्या तासात, दुपारी साडेबारा ते दीडच्या दरम्यान आणि मावळतीच्या आधीच्या तासात. नोकरीमुळे तिन्ही फेऱ्या एका दिवशी जमत नसतील तर आठवड्यात वाटून घ्या. नोंद अशी असावी: ‘गिरणीचं दार. ८.१० ते ८.३५. ऊन उजवीकडून. मागे पिवळी भिंत, डावीकडे मीटरची पेटी नडते. डबे घेऊन बायका येतात.’ या दोन ओळींत फोटोचं निम्मं काम झालेलं असतं. ‘सकाळी छान ऊन’ अशा नोंदीचा उपयोग नाही.

उन्हाचं गणित इथे थोडं सांगायला हवं, कारण एकदा ते समजलं की वर्षभर पुरतं. बेळगाव भारतीय प्रमाणवेळेच्या रेखावृत्तापासून सुमारे आठ अंश पश्चिमेला आहे. त्यामुळे इथली खरी मध्यान्ह घड्याळात साडेबाराच्या आसपास येते. जूनअखेर सूर्य सहाच्या सुमारास उगवतो आणि सात वाजून गेल्यावर मावळतो. डिसेंबरअखेर तो सातच्या सुमारास उगवतो आणि सहा वाजून गेल्यावर लगेच मावळतो. उगवण्याची जागाही सरकते. २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या आसपास तो नेमका पूर्वेला उगवतो, जूनमध्ये पूर्वेच्या २४ अंश उत्तरेला आणि डिसेंबरमध्ये तेवढाच दक्षिणेला.

याचा गल्लीवर परिणाम असा. तुमची गल्ली सरळ पूर्व-पश्चिम असेल तर मार्च आणि सप्टेंबरच्या त्या आठ-दहा दिवसांत सकाळचं ऊन गल्लीच्या एका टोकातून शिरून दुसऱ्या टोकापर्यंत जातं. समोरून येणाऱ्या प्रत्येक माणसाची लांब सावली तुमच्या पायापर्यंत पोचते. महिन्याभराने ते ऊन भिंतीला अडतं आणि संधी सहा महिन्यांनी परत येते. सप्टेंबरात ढग असण्याची शक्यता जास्त, म्हणून मार्च चुकवू नका. डिसेंबर-जानेवारीत अशाच गल्लीत दक्षिणेकडे तोंड असलेल्या घरांवर जवळपास दिवसभर ऊन असतं. ते ऊन समोरच्या सावलीतल्या ओसरीवर परततं. चेहऱ्यांसाठी याच्याइतका मऊ उजेड विकत मिळत नाही. भिंत पांढरी किंवा फिक्की पिवळी असेल तर आणखी चांगलं. हिरवी असेल तर चेहरे हिरवट दिसतात.

दक्षिणोत्तर गल्लीत सकाळ-संध्याकाळ सावली असते आणि ऊन दुपारीच पट्ट्यासारखं आडवं सरकतं. अरुंद बोळात हा पट्टा एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर जायला कधीकधी अर्धा तासही लागत नाही. त्यात पाऊल टाकणारा माणूस उजळतो, बाकी सगळं काळोखात जातं.

‘दुपारी फोटो काढू नयेत’ हा नियम इथल्या हिवाळ्याला लागू नाही. डिसेंबरात भर मध्यान्हीही सूर्य सुमारे ५१ अंशांवरच असतो आणि माणसाची सावली त्याच्या उंचीच्या चार-पंचमांश पडते. नियम खरा आहे तो एप्रिल-मेसाठी. मेच्या पहिल्या आठवड्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते आणि डोळ्यांच्या खोबण्या काळ्या पडतात. तेव्हा माणूस ओसरीच्या सावलीत, कडेपासून अर्धं पाऊल आत आणि तोंड बाहेर, असा असेल तेव्हाच काढावा. अंगणातलं ऊन खालून वर येतं आणि डोळे उजळतात.

हत्यारं

यावर फार वेळ घालवायचं कारण नाही. फोन असेल तर मुख्य लेन्स वापरा. बोटांनी ताणून मोठं केलेलं चित्र नुसतं कापलेलं असतं. ग्रिड चालू ठेवा, ब्यूटी फिल्टर बंद करा आणि लेन्स मऊ सुती कापडाने पुसून घ्या. फोटोतल्या दिव्यांभोवती पसरट धुरकट वलय येतं ते बहुतेक वेळा बोटांच्या तेलकट डागामुळे. पडद्यावर बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड बांधला जातो. मग बोट खाली ओढून उजेड कमी करा. ही एक सवय लागली तरी फोनचे निम्मे फोटो सुधारतात. फोनला सावली उजळायची भारी हौस असते, आणि गल्लीतल्या फोटोत सावलीच तर हवी असते.

कॅमेरा असेल तर १८–५५ मिमीची साधी लेन्स पुरते. ती २४ मिमीवर ठेवा, एफ/८ (लेन्सच्या छिद्राचा आकडा; तो मोठा तितकं छिद्र लहान), फोकस हाताने तीन मीटरवर बांधा. एपीएस-सी सेन्सरवर (बहुतेक साध्या कॅमेऱ्यांत असतो तो मध्यम आकाराचा) अशा मांडणीत पावणेदोन मीटरपासून साधारण पंधरा मीटरपर्यंत सगळं स्पष्ट येतं, त्यामुळे ऐनवेळी फोकस शोधत बसावं लागत नाही. स्वच्छ उन्हात आयएसओ (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील ते) ४००ला १/१६०० सेकंद आणि मोकळ्या सावलीत १/२००च्या आसपास शटर येईल. चालत्या माणसाला १/२५० पुरतं, पळणाऱ्या पोरांना १/५०० लागतं. व्हाइट बॅलन्स (उजेडाची रंगछटा सावरायची सोय) आपोआपवर ठेवला तर संध्याकाळचा पिवळेपणा आणि खानापूरकडच्या जांभ्याचा तांबडेपणा कॅमेरा ‘दुरुस्त’ करून टाकतो. तो ५२०० केल्विनवर बांधून ठेवा.

मागची भिंत आधी, माणूस नंतर

वहीतल्या नोंदींपैकी एक जागा घ्या आणि ठरलेल्या वेळेच्या दहा मिनिटं आधी जा. रिकामी फ्रेम लावा. आता माणूस नाही असं समजून चारी कडा नजरेने फिरा: वरच्या कोपऱ्यात वायरींचं जाळं, उजवीकडे अर्धी मोटरसायकल, खाली पांढरी प्लास्टिकची पिशवी. कडेवरची उजळ वस्तू डोळ्याला बाहेर ओढते, म्हणून ती आधी घालवा. बहुतेक वेळा त्यासाठी अर्धं पाऊल सरकणं किंवा गुडघ्यात वाकणं पुरतं. बसलं की वायरी आभाळासकट वर जातात, उभं राहून किंचित खाली बघितलं की जमीनच पार्श्वभूमी होते. आभाळ पांढरं असेल, आणि जून ते सप्टेंबर ते पांढरंच असतं, तर ते फ्रेममध्ये घेऊच नका.

मग थांबा. वीस मिनिटं तरी. माणूस फ्रेममध्ये कुठे आला तर बरं दिसेल ती जागा आधी ठरवा, भिंतीवरचा एखादा डाग खूण म्हणून धरा आणि तिथे पाय पडण्याच्या किंचित आधी दाबा. पाय जुळलेले असताना काढलेला चालणारा माणूस खांबासारखा दिसतो. पावलं फाकलेली हवीत, आणि दोन पायांमध्ये मागचा उजेड दिसायला हवा. एका माणसाचे तीन-चार फोटो काढा, त्याहून जास्त नको, नाहीतर तोवर दुसरा येऊन जातो. थांबणाऱ्याकडे लोक पहिली पाच मिनिटं बघतात, नंतर विसरतात. फिरत राहणाऱ्याकडे प्रत्येक जण नव्याने बघतो.

पाट्यांचं वेगळं सांगावं लागेल. फ्रेममध्ये अक्षरं आली की बघणारा आधी ती वाचतो, चेहरा नंतर बघतो. सीमाभागात तर पाटी कोणत्या लिपीत आहे, कोणती वर आणि कोणती खाली, हेही वाचलं जातं आणि फोटो पाटीचाच होऊन बसतो. तोच विषय असेल तर बेलाशक घ्या, पूर्ण आणि सरळ घ्या. नसेल तर अर्धवट कापलेली पाटी कडेला लोंबकळत ठेवू नका.

काचेचं कौल

आपल्याकडच्या जुन्या घरांत सगळ्यांत सुंदर उजेड स्वयंपाकघरात असतो आणि तो कुणी काढत नाही. कौलारू छपरात मधेच एक काचेचं कौल बसवलेलं असतं. त्यातून पडणारा कवडसा सकाळी पश्चिमेच्या भिंतीवर, दुपारी जमिनीवर आणि नंतर पूर्वेच्या भिंतीवर जातो. कौल साडेतीन मीटर उंचीवर असेल तर मध्यान्हीच्या आसपास कवडसा दहा मिनिटांत सुमारे पंधरा सेंटिमीटर सरकतो. म्हणजे परात कुठे आहे ते बघून तो केव्हा तिथे पोचेल हे आधी सांगता येतं. भाकरी थापणारे हात, तांदूळ निवडायचं सूप, पाण्याची घागर, यांतलं काहीही त्या तुकड्यात आलं की फोटो तयार.

इथे चूक होते ती उजेड मोजण्यात. कवडसा आणि खोलीचा काळोख यांत इतका फरक असतो की दोन्ही एका फोटोत मावत नाहीत. फोन काळोखाकडे बघून सगळं उजळतो आणि हात पांढरेफटक करून टाकतो. कवडशातल्या हातावर बोट दाबून धरा आणि तिथली कातडी व्यवस्थित दिसेपर्यंत उजेड खाली आणा. बाकीची खोली काळी होईल, होऊ द्या. नाइट मोड बंद, खोलीतला दिवा बंद. ट्यूबलाइट चालू असेल तर कवडशाचा पिवळा आणि नळीचा हिरवट रंग मिसळून कातडी आजारी दिसते. कॅमेऱ्यावर स्पॉट मीटरिंग (एका ठिपक्यापुरताच उजेड मोजणं), आयएसओ ४००, एफ/५.६, १/१०००पासून सुरुवात करा. काच काजळलेली असेल तर शटर आणखी हळू लागेल.

चूल पेटलेली असेल तर धुरामुळे कवडशाची अख्खी तिरीप दिसते, पण फक्त योग्य बाजूने. धूर उजेड पुढच्या दिशेला जास्त उधळतो, म्हणून तुमचं तोंड कौलाच्या बाजूला हवं आणि तिरिपीच्या मागे काळी भिंत हवी. उजेड पाठीशी घेऊन उभे राहिलात तर तिरीप जवळजवळ नाहीशी होते. थेट कौल फ्रेममध्ये घेऊ नका, तिथे पांढरं भोक पडेल.

गुऱ्हाळ

निपाणी, चिकोडी, संकेश्वर भागात उसाच्या हंगामात गुऱ्हाळं चालतात, आणि वाफ फोटोत कशी धरायची हे शिकायला त्याहून चांगली जागा नाही. सकाळी लवकर जा. हवा गार असते तेव्हा काहिलीवरची (रस उकळायच्या मोठ्या कढईवरची) वाफ दाट आणि पांढरी दिसते. अकरानंतर तीच वाफ उठत असूनही डोळ्याला कमी दिसते. कौलांच्या फटीतून किंवा दारातून येणारं ऊन काहिलीच्या पलीकडे आणि तुम्ही अलीकडे, अशी जागा शोधा. वाफ उजळते, ढवळणाऱ्या माणसाची आकृती काळी उठते. दाट वाफ फ्रेमभर असेल तर कॅमेरा फसून फोटो मळकट करतो, तेव्हा उजेड (कॅमेऱ्यावरच्या +/− खुणेने) +०.७ करा; फक्त आकृती हवी असेल तर उलट −१.

अडचण लेन्सची होते. बाहेरच्या गारठ्यातून थेट वाफेत गेलं की काचेवर दव धरतं आणि पुसलं तरी परत येतं. कॅमेरा पिशवीत बंद ठेवूनच आत न्या, दहा मिनिटं तसाच राहू द्या, मग काढा. लेन्सवर साधा यूव्ही फिल्टर लावा, कारण उडणारे चिकट थेंब कोट केलेल्या काचेवरून निघायला त्रास देतात. चिपाडाची राख उडते, त्यामुळे आत लेन्स बदलू नका.

काढण्यासारखं नुसती काहील नाही. चुलाणाच्या तोंडाशी बसून चिपाड सारणारा माणूस बघा. त्याच्या चेहऱ्यावर फक्त जाळाचा उजेड असतो. मळी काढणारा लांब दांडा, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे काहील उतरवून गूळ वाफ्यात ओततात ते काही सेकंद. ते केव्हा, हे गुळव्यालाच विचारा, तो बरोबर सांगतो. तेव्हा पाक ११५ अंश सेल्सिअसच्या वर तापलेला असतो. ओतणाऱ्यांच्या वाटेत येऊ नका, मागे सरकायची जागा आधी बघून ठेवा, आणि त्या वेळी कुणाला ‘इकडे बघा’ म्हणू नका.

माग, बाजार

वडगाव, खासबाग, शहापूरकडे यंत्रमागाचा खडखडाट ऐकून शेडमध्ये डोकावलं की आत ट्यूबलाइट किंवा एलईडी असतात. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने असे बरेच दिवे सेकंदाला शंभर वेळा मिणमिणतात. डोळ्याला कळत नाही, पण १/२५० किंवा त्याहून वेगवान शटरला फोटोवर आडवे काळे पट्टे येतात. १/१०० किंवा १/५० ठेवा, पट्टे जातात. धोट्याची (आडवा धागा इकडून तिकडे नेतो त्याची) धाव दिसायला १/१५ ते १/३० लागतं. कोपर खांबाला टेकवा आणि विणकराचे हात किंवा चेहरा क्षणभर स्थिर असेल तेव्हा दाबा. सगळंच हललेलं असेल तर फोटो फसलेला वाटतो. एक काहीतरी थांबलेलं असलं की बाकीची गती कळते. खानापूरकडच्या कुंभाराच्या चाकालाही हेच लागू. धोट्याच्या रेषेत, मागाच्या टोकाशी उभं राहायचं नाही. धोटा कधीकधी बाहेर उडतो आणि जबर लागतो. फ्लॅश नको, काम करणारा दचकतो.

आठवडी बाजारात चेहरे निळे येतात ही सगळ्यांची तक्रार. दोष कॅमेऱ्याचा नसतो, वरच्या निळ्या ताडपत्रीचा असतो. ताडपत्रीखालच्या माणसाला बाहेरून येणारा उजेड मिळेल अशी बाजू शोधा, म्हणजे तो कडेला बसलेला हवा. ते जमत नसेल तर फोटो सरळ कृष्णधवल करा. पांढऱ्या कापडाखालचा उजेड मात्र उत्तम. तसं दुकान दिसलं तर तिथेच थांबा. चेहऱ्यांपेक्षा हातांकडे लक्ष द्या: तराजूचं पारडं, सुट्टे मोजणारी बोटं, तांबड्या मातीने माखलेली रताळी निवडताना फिरणारा अंगठा. गिऱ्हाइकाच्या वाटेत उभं राहू नका. आधी पावशेर काहीतरी घ्या, मग विचारा.

पाऊस आणि धुकं

कौलांवरून पडणाऱ्या पागोळ्या १/३०ला दोऱ्यासारख्या दिसतात, १/१०००ला मण्यांसारख्या. दोन्हींसाठी मागे काळोख हवा. उघड्या दाराचा अंधार पुरतो. पांढऱ्या आभाळासमोर पाऊस दिसतच नाही, म्हणून ‘एवढा पाऊस होता पण फोटोत आलाच नाही’ असं होतं. डबक्यातलं प्रतिबिंब हवं तर फोन उलटा धरा, म्हणजे लेन्स पाण्यापासून दोन बोटांवर येते, आणि उजेड प्रतिबिंबावर बांधा.

खानापूर, जांबोटीकडच्या पावसाळ्यात कॅमेऱ्याचा खरा शत्रू थेंब नव्हे, बुरशी. दमट कपाटात कातडी पिशवीत ठेवलेल्या लेन्समध्ये एका पावसाळ्यात कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरू शकते. घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवा. निळ्या जेलचे दाणे गुलाबी झाले की त्यांनी पाणी प्यालं. मंद आचेवर तव्यात परत निळे होईपर्यंत भाजा. तांदळात ठेवू नका, त्याची पूड लेन्सच्या कड्यात जाते.

धुक्यासाठी हिवाळ्यात शिवाराच्या कडेला सूर्योदयाआधी पोचा. उन्हं वर आली की तासाभरात ते विरतं. उजेड +०.७ ते +१ ठेवा, नाहीतर धुकं राखाडी येतं. आणि पाच-दहा मीटरवर काहीतरी गडद घ्या: बैलगाडीचं चाक, बांधावरचं झाड, घोंगडी पांघरलेला माणूस. जवळचं गडद नसेल तर नुसता पांढरा कागद मिळतो.

विचारणं, आणि जिथे कॅमेरा काढायचा नाही

घरात, ओसरीत, मागावर, विड्या वळणाऱ्या बायकांजवळ आधी विचारा. ‘मावशी, हाताचा एक फोटो काढू काय?’ एवढं पुरतं. चेहऱ्याला नको म्हणणाऱ्या हाताला हो म्हणतात. समोरचं माणूस कन्नड बोलणारं असेल तर ‘अण्णा’, ‘अक्का’ या हाकेने निम्मं अंतर मिटतं. हो म्हटलं की लोक सावरून, ताठ बसतात. तो फोटो काढा, आभार माना आणि कॅमेरा खाली घेऊन बोलत राहा. दोन मिनिटांत हात पुन्हा कामाला लागतात, खरा फोटो तेव्हाचा. लहान मुलांचा फोटो आई-वडिलांना विचारल्याशिवाय नको. नाही म्हटलं तर नाही.

बेळगाव लष्कराचं गाव आहे. कॅम्पमधली मराठा लाइट इन्फंट्रीची आवारं, सांबऱ्याचा हवाई दलाचा भाग, कुंपणं, फाटकं, पहारे यांच्याकडे कॅमेरा वळवू नका. रेल्वे फाटक बंद असताना दोन्ही बाजूंना थांबलेली माणसं हा पाच मिनिटांचा आयता विषय आहे, पण तो रस्त्यावरूनच काढा. रुळांवर उतरणं रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे.

निवड

काढलेले फोटो त्याच रात्री निवडू नका. त्या दिवशीची मेहनत आणि वास अजून डोक्यात असतो आणि तो फोटोत आहे असं वाटत राहतं. आठवड्याने बघा. फोटो अंगठ्याच्या नखाएवढा करून बघितला तरी आकार कळतो का? नाही कळला तर काढून टाका. नंतर मोठा करून कडा तपासा, डोक्यातून उगवलेला खांब शोधा, जमीन सरळ करा. दोनशेतून दहा ठेवले तरी हात सैलच सोडला म्हणायचं. कापून वाचवायच्या भानगडीत पडू नका. निम्म्याहून जास्त कापावं लागत असेल तर तुम्ही लांब उभे होता. तीच जागा, तीच वेळ, पुढच्या आठवड्यात दोन पावलं पुढे.

ठेवलेल्या फोटोंची नावं तारीख-जागा-वेळ अशी द्या, म्हणजे वर्षाने तीच वेळ गाठता येते. आणि ज्यांचे फोटो काढले त्यांना ४ × ६ची प्रिंट नेऊन द्या, मॅट कागदावर. दमट घरात चकचकीत कागद फ्रेमच्या काचेला चिकटतो आणि सोलताना रंग निघतो. मागे तारीख लिहायची तर बॉलपेन दाबून लिहू नका, पुढे उठाव दिसतो. बारीक परमनंट मार्कर घ्या आणि शाई वाळल्याशिवाय प्रिंटा एकावर एक ठेवू नका.